मोबदला : कायाकॉय नावाच्या रिकाम्या गावातील शोधयात्रा (थ्रेड)

२ मे २००० रोजी अमेरिकेने आपल्या जीपीएस उपग्रहांच्या नागरी संकेतांत मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. तोवर सामान्य माणसाच्या हातातील यंत्र शंभरेक मीटरपर्यंत चुकत असे. त्या दिवसापासून ते दहा-वीस मीटरच्या आत ठिकाण सांगू लागले. दुसऱ्याच दिवशी ऑरेगन राज्यातील डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने पोर्टलंडजवळच्या रानात एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. बादलीत एक नोंदवही होती आणि काही किरकोळ वस्तू. अट एवढीच, की शोधणाऱ्याने काही घ्यावे, काही ठेवावे आणि वहीत नाव लिहावे.

जिओकॅशिंग या खेळाचा जन्म हा असा. आज जगभर असे तीस लाखांहून अधिक ‘खजिने’ नोंदलेले आहेत. खजिना म्हणजे बहुधा जेवणाच्या डब्याएवढी प्लास्टिकची पेटी. मोल तिचे नसते. तिच्यापर्यंत पोहोचविणाऱ्या वाटेचे असते.

ऐतिहासिक स्थळी मात्र खेळाचे नियम बदलतात. जमीन खणून काही पुरायचे नाही, हा नियम तर सर्वत्रच आहे. जुन्या भिंतीतील दगड हलवून तेथे डबी लपविणे म्हणजे वारशाची मोडतोड. म्हणून अशा ठिकाणी पेटीऐवजी प्रश्न ठेवले जातात. अमुक दारावरील साल कोणते? अमुक कमानीला दगड किती? उत्तरांच्या आकड्यांतून पुढच्या थांब्याचे अक्षांश-रेखांश तयार होतात. शोधणाऱ्याला खोदावे लागत नाही, वाचावे लागते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगली शिस्त क्वचितच कोणी लावत असेल.

आता या पद्धतीने एका गावातून चालायचे आहे. स्थान : सुमारे ३६.६ अंश उत्तर, २९.१ अंश पूर्व. तुर्कस्तानचा नैर्ऋत्य किनारा. फेतिये या बंदराच्या दक्षिणेस सातआठ किलोमीटरवर डोंगराच्या उतारावर दगडी घरांची दाटी दिसते. दुरून पाहता कोकणातील एखाद्या भरल्या गावासारखी. जवळ गेल्यावर कळते, की एकाही घराला छप्पर नाही, दार नाही, चुलीला धूर नाही. सुमारे पाचशे घरे, दोन मोठी चर्च, अनेक छोटी प्रार्थनागृहे, आणि उतारावर राहणारे कोणीही नाही.

तुर्की भाषेत या जागेला कायाकॉय म्हणतात. ‘काया’ म्हणजे खडक, ‘कॉय’ म्हणजे गाव. शंभर वर्षांपूर्वी येथे राहणारे ग्रीक ख्रिस्ती लोक गावाला लिव्हिसी म्हणत. त्याही आधी, प्राचीन लिशियाच्या काळात, येथे कार्मिलास्सोस नावाची वस्ती होती. उपग्रहाला या तिन्ही नावांचे सोयरसुतक नाही. त्याच्या दृष्टीने हा एकच बिंदू.

पहिला थांबा पायथ्याचे चर्च, पानागिया पिर्गियोतिस्सा. येथे मान वर करून चालत नाही, खाली पाहावे लागते. काळ्या-पांढऱ्या गुळगुळीत गोट्यांची नक्षी बसविलेली फरशी आहे. ऱ्होड्ससारख्या शेजारच्या बेटांवरही ही कला दिसते. नक्षीतच गोट्यांनी लिहिलेले साल वाचता येते : १८८८. शोधयात्रेच्या हिशेबाने हे चार अंक, बेरीज २५. इतिहासाच्या हिशेबाने तो पुरावा आहे. मूळ चर्च याहून जुने. त्याची मोठी दुरुस्ती या सालाच्या सुमाराची.

दुरुस्तीच्या सालावर थोडे थांबायला हवे. १८५६ मध्ये भूकंपाने आणि १८८५ मध्ये आगीने शेजारच्या माक्री बंदराची (आजच्या फेतियेची) मोठी हानी केली. त्यानंतर तेथील अनेक कुटुंबे डोंगरात, लिव्हिसीत येऊन राहिली. गाव वाढले, चर्च पुरेनासे झाले, लोकांनी पैसे जमवून ते नव्याने सजविले. म्हणजे पायाखालची ती गोट्यांची फरशी भरभराटीची खूण आहे. ती बसविणाऱ्यांनी आपली नातवंडे याच फरशीवरून चालतील असे धरूनच ती बसविली असणार. कोणी पस्तीस वर्षांसाठी गोटे निवडत बसत नाही.

चर्चच्या आवारात अस्थिगृह आहे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती रिवाजात काही वर्षांनी कबर उघडून अस्थी धुऊन एकत्र ठेवण्याची प्रथा आहे. जमीन थोडी, मृत अनेक. पूर्वजांचे अवशेष अशा प्रकारे गावाच्या मधोमध, रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवर असत. गाव सोडणे म्हणजे काय, हे या छोट्याशा कोठडीपाशी जितके कळते तितके तहाच्या कलमांतून कळत नाही.

येथून वाट चढू लागते. दोन्ही बाजूंना घरे. घरे लहानच, एका मजल्यावर माणसांची खोली, खाली कोठार किंवा जनावरे. उतारावर ती अशी बांधली आहेत, की वरच्या घराचा उजेड खालच्या घराने अडू नये. गावाला पाण्याची टंचाई. म्हणून पावसाचे पाणी साठविण्याची हौद-टाकी घरोघर. आपल्या गडकिल्ल्यांवरील टाकी पाहिलेल्या वाचकाला हे शहाणपण ओळखीचे वाटेल. काही भिंतींवर निळ्या रंगाचे पोपडे अजून टिकून आहेत. कोनाडे आहेत. चुलाण्याची जागा काळी आहे.

येथे एक तांत्रिक गंमत नोंदवावी. अरुंद दगडी गल्लीत जीपीएसचे संकेत भिंतींवर आपटून येतात आणि यंत्र चुकू लागते. युरोपातील जुन्या शहरांत खेळाडूंची ही नेहमीची तक्रार. कायाकॉयमध्ये शोधणारा एखाद्या घरात शिरला, तरी यंत्राला संकेत मिळत राहतात. छप्परच नसल्यामुळे उपग्रह सरळ डोक्यावर दिसतात.

छप्परे कोठे गेली? लोक गेल्यावर तुळया, दारे, खिडक्या यांचे लाकूड आसपासच्या माणसांनी काढून नेले. लाकूड महाग आणि मालक परागंदा. त्यात नवल नाही. १९५७ च्या मोठ्या भूकंपाने फेतिये शहर उद्ध्वस्त झाले, तेव्हा या उघड्या भिंतींचीही पडझड झाली. पाहुण्यांना मात्र वाटते, की घरे एकाच रात्री ओस पडली. तसे झाले नाही. गाव रिकामे व्हायला आठ-नऊ वर्षे लागली, आणि तीच या शोधयात्रेची खरी गोष्ट आहे.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. उस्मानी राजवटीला किनाऱ्यावरची ख्रिस्ती वस्ती शत्रूची हेर वाटू लागली. लिव्हिसी व माक्रीतील लोकांना अंतर्भागात पायी पिटाळले गेले; वाटेत अनेक मेले. तरण्या पुरुषांना मजूर पलटणींत भरती केले, आणि त्यांतून परतलेले थोडे. १९१९ मध्ये ग्रीक सैन्य स्मिर्ना बंदरात उतरले, आत घुसले, त्यानेही तुर्की गावांवर अत्याचार केले. १९२२ च्या उन्हाळ्याअखेरीस त्या सैन्याचा पूर्ण पराभव झाला. स्मिर्ना जळाले. लाखो ख्रिस्ती जीव घेऊन बेटांकडे पळाले. लिव्हिसीचे उरलेसुरले लोकही याच लाटेत निघाले.

मग मुत्सद्दी आले. ३० जानेवारी १९२३ रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ग्रीस व तुर्कस्तान यांनी लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार केला. तुर्कस्तानातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसला जातील, ग्रीसमधील मुसलमान तुर्कस्तानात येतील. वगळले फक्त इस्तंबूलमधील ग्रीक आणि पश्चिम थ्रेसमधील मुसलमान. सुमारे बारा लाख ख्रिस्ती आणि साडेतीन ते चार लाख मुसलमान या कराराखाली आले. ख्रिस्ती बहुतेक आधीच परागंदा झाले होते. कराराने त्यांच्या परतीची वाट कायमची बंद केली. अदलाबदल सक्तीची होती. जायचे की राहायचे, हे कोणालाही विचारले गेले नाही.

कसोटी धर्माची होती, भाषेची नव्हे. यातून विलक्षण परिस्थिती उद्भवली. मध्य अनातोलियातील करामनली ख्रिस्ती घरात तुर्की बोलत, ती ग्रीक लिपीत लिहीत. ते ‘ग्रीक’ ठरून ग्रीसला गेले आणि तेथे त्यांचे बोलणे कोणाला कळेना. क्रीट बेटावरील अनेक मुसलमानांची मातृभाषा ग्रीक. ते ‘तुर्क’ ठरून तुर्कस्तानात आले आणि तीच गत झाली. लिव्हिसीचे लोक ग्रीकच बोलत, पण तीही स्वतःच्या वळणाची. त्या बोलीचा एक शब्दसंग्रह १८८४ मध्ये अथेन्सला छापला गेला होता. बोलीवर कोशाइतके प्रेम करणारे गाव दरिद्री किंवा अडाणी नव्हते, एवढे त्यावरून समजते.

करार घडविणाऱ्यांत एक नाव भारतीय वाचकाला चांगले ठाऊक आहे. लोझान परिषदेत ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री म्हणून लॉर्ड कर्झन बसले होते. १९०५ मध्ये बंगालची फाळणी करणारे तेच व्हाइसरॉय. सक्तीच्या अदलाबदलीचा उपाय अत्यंत वाईट आहे आणि जगाला त्याची किंमत पुढील शंभर वर्षे मोजावी लागेल, असा इशारा त्यांनी परिषदेत दिला. इशारा देऊन त्यांनी उपाय मान्यही केला. साम्राज्यांच्या इतिहासात विवेकबुद्धी बहुधा अशीच इतिवृत्तात नोंदवून ठेवलेली आढळते.

तुर्की भाषेत या अदलाबदलीला ‘मुबादेले’ म्हणतात आणि अदलाबदलीत आलेल्या माणसाला ‘मुबादिल’. मूळ शब्द अरबी. तोच फारसीमार्गे मराठीत येऊन ‘मोबदला’ झाला. बदल, बदली, अदलाबदल ही सारी त्याच धातूची भावंडे. मराठीत मोबदला म्हणजे दिलेल्या वस्तूच्या बदल्यात मिळालेले मोल. लिव्हिसीच्या लोकांना तो मिळाला का?

कागदावर मिळायचा होता. मागे राहिलेल्या मालमत्तेचे मूल्य संयुक्त आयोग ठरवील, दोन्ही सरकारे हिशेब चुकते करतील, असे करारात होते. प्रत्यक्षात लाखो घरे, शेते, दुकाने, ऑलिव्हची झाडे मोजणे आयोगाला झेपले नाही. अखेर १९३० मध्ये अंकारा येथे व्हेनिझेलोस आणि तुर्की सरकार यांनी नवा करार करून परस्परांचे दावे एकत्र मिटवून टाकले. दोन राष्ट्रांचे हात मिळाले. घराच्या मालकाला समोरच्या सरकारकडून घराची किंमत मिळण्याची शक्यता त्या दिवशी संपली. ग्रीक सरकारने आपल्या निर्वासितांना जमिनी, कर्जे, काही भरपाई दिली हे खरे. पण सोडलेल्या घराच्या तुलनेत ती तुटपुंजी होती.

वाटेचा दुसरा मोठा थांबा वरचे चर्च, ताक्सियार्हिस. येथून मागे वळून खोरे पाहावे. खाली सपाट शेती, काही घरे, मशीद. ही घरे रिकामी नाहीत. लिव्हिसीच्या काळीही खोऱ्यात मुसलमान शेतकरी राहत, उतारावर ख्रिस्ती कारागीर व व्यापारी. दोघांचे एकमेकांवाचून चालत नसे. एकाकडे धान्य, दुसऱ्याकडे हत्यारे, चामडे, कापड. त्यावरून त्यांच्यात भांडणे नव्हती असा निष्कर्ष काढू नये. ‘सारे भावाभावासारखे नांदत होते’ ही पर्यटन-पत्रिकांची भाषा आहे. शेजार होता, एवढे पुरावे सांगतात. शेजारही काही थोडा नसतो.

ग्रीसमधून आलेल्या मुबादिल कुटुंबांना ही रिकामी घरे देऊ केली गेली. ती फारशी रुजली नाहीत. आलेले बहुतेक शेतकरी. त्यांना हवी होती शेताजवळची जागा. खडकाळ उतारावरील, पाण्यासाठी पावसावर अवलंबून असलेले कारागिराचे घर त्यांच्या काय कामाचे? काही खोऱ्यात उतरले, काही दुसरीकडे गेले. आकड्यांत माणसांच्या जागी माणसे बसली. गावात बसली नाहीत. सुतार गेला आणि तंबाखू पिकविणारा आला, तर गावाला दार कोण करून देणार, हा प्रश्न लोझानच्या टेबलावर कोणी विचारल्याचे दिसत नाही.

येथे वाट काही क्षण भारतात वळते, आणि ती ओढूनताणून वळविलेली नाही. ग्रीस-तुर्कस्तानच्या अनुभवाचा भारतात सर्वांत गंभीर विचार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केला. १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाकिस्तानविषयक ग्रंथात त्यांनी तुर्कस्तान, ग्रीस आणि बल्गेरिया यांचे दाखले देऊन म्हटले, की फाळणी झालीच तर अल्पसंख्याकांचा प्रश्न सोडविण्याचा टिकाऊ मार्ग लोकसंख्येची अदलाबदल हाच आहे. अशक्य म्हणून तिची थट्टा करणाऱ्यांनी आधी त्या देशांचा इतिहास पाहावा.

त्यांचा हा युक्तिवाद अनेकदा अर्धाच सांगितला जातो. बाबासाहेबांनी अदलाबदलीचे दोन प्रकार वेगळे केले होते. एक ग्रीस-बल्गेरिया यांच्यातील ऐच्छिक, दुसरा ग्रीस-तुर्कस्तान यांच्यातील सक्तीचा. वडिलोपार्जित वस्ती सोडू न इच्छिणाऱ्याला भाग पाडणे सकृद्दर्शनी अन्यायाचे वाटते, म्हणून मार्ग ऐच्छिक असावा. जाणाऱ्याला अडथळा होऊ नये आणि त्याचे नुकसान होऊ नये, असे त्यांचे मत. म्हणजे मोबदल्याचा प्रश्न त्यांच्या विचारात मध्यभागी होता. १९४७ मध्ये जे घडले त्यात ना योजना होती, ना इच्छेला विचारणा, ना नुकसानीची हमी. ग्रंथातील उपाय कधी अमलात आलाच नाही; घडली ती पळापळ.

त्या पळापळीतून कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या छावणीचे उल्हासनगर झाले. ‘कॅम्प नंबर तीन’ असे पत्ते आजही तेथे सांगितले जातात. लिव्हिसी आणि माक्रीच्या लोकांनी वेगळा मार्ग धरला. अॅटिकाच्या पूर्व किनाऱ्यावर, मॅरेथॉनच्या रणक्षेत्राजवळ त्यांनी वस्ती वसविली आणि तिचे नाव ठेवले नेआ माक्री, म्हणजे नवी माक्री. तुर्कस्तानात मात्र जुन्या माक्रीचे नाव विमान अपघातात मरण पावलेल्या फेती बे या उस्मानी वैमानिकावरून फेतिये झाले. नाव एका किनाऱ्यावर पुसले आणि समुद्रापलीकडे, साडेचारशे-पाचशे किलोमीटरवर, पुन्हा लिहिले गेले.

शेवटचा चढ टेकडीच्या माथ्यावरील एका छोट्या प्रार्थनागृहाचा. आत काही नाही. बाहेर मात्र अचानक समुद्र दिसतो, जो गावातून दिसत नाही. येथून पाइनच्या रानातून ओलुदेनिझच्या किनाऱ्याकडे पायवाट जाते. लांबवर चालणारे लोक याच भागातून १९९९ मध्ये आखलेल्या लिशियन मार्गाला लागतात. चालणारे बरेच येतात. लुई दे बर्निये या इंग्रज लेखकाच्या २००४ च्या कादंबरीतील काल्पनिक गाव या गावावरून सुचलेले असल्यामुळे वाचकही येतात. २०१४ मध्ये गावाचा काही भाग दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने पर्यटन प्रकल्पासाठी देण्याची सरकारी योजना जाहीर झाली, तेव्हा तुर्कस्तानात आणि ग्रीसमध्ये दोन्हीकडे तिच्यावर टीका झाली. या गावाच्या बाबतीत दोन्ही किनाऱ्यांचे एकमत होण्याचा हा दुर्मीळ प्रसंग.

शोधयात्रा संपते तेथे नोंदवही असावी लागते. कायाकॉयची नोंदवही अथेन्समध्ये आहे. मेल्पो मेर्लिए या संगीत-अभ्यासक विदुषीने १९३० मध्ये निर्वासितांची गाणी ध्वनिमुद्रित करण्यास सुरुवात केली. त्या कामातून आशिया मायनर अभ्यास केंद्र उभे राहिले. पुढील चार दशके केंद्राचे कार्यकर्ते निर्वासितांच्या वस्त्यांतून हिंडले आणि सुमारे पाच हजार लोकांच्या आठवणी त्यांनी लिहून घेतल्या. केवळ पळून येण्याच्या कथा नव्हेत. गाव कसे होते, शेजारची गावे कोणती, तेथे जायला वाट कोणती, विहीर कोठे, जत्रा कोणत्या दिवशी. लिव्हिसीच्या बोलीवरचा भाषाशास्त्रज्ञ आंद्रिओतिस यांचा ग्रंथ १९६१ मध्ये आला, तेव्हा ती बोली ज्या उतारावर जन्मली तेथे बोलणारे कोणी नव्हते. बोलणारे सारे समुद्रापलीकडे होते.

सांगणारे तेव्हा म्हातारे झाले होते. तरी चर्चपासून आपल्या दारापर्यंतची वळणे त्यांना सांगता येत असत : कोणत्या भिंतीपाशी उजवीकडे, किती पायऱ्या, मग कोणाचे घर.